टी लावू की झेड? सरासरी आणि टक्केवारीच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पदवीचे विद्यार्थी, शेतीवर प्रोजेक्ट करणारी मुलं आणि शाळेत छोटा सर्व्हे करून बसलेले शिक्षक संख्याशास्त्रातल्या टी आणि झेड चाचण्यांबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. उदाहरणांतले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. ते कुठल्याही पाहणीतले नाहीत, तेव्हा प्रोजेक्टमध्ये चिकटवू नका.

डेटा गोळा झालाय. आता कोणती टेस्ट लावू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा उशिरा आलेला. टेस्ट ठरते ती माहिती कशी गोळा केली त्यावरून. म्हणून फाइल उघडण्याआधी सांगा, एकेका नोंदीसमोर काय लिहिलंय? किलो, क्विंटल, गुण, रुपये असं मोजमाप असेल तर सरासरीची चाचणी. 'उगवलं / नाही उगवलं', 'हो / नाही' असेल तर टक्केवारीची. मग गट किती? एकच गट आणि समोर कुणाचा तरी दावा, की दोन गट? दोन असतील, तर तीच माणसं, तीच झाडं दोनदा मोजलीत, की वेगवेगळी?

एक गट आणि मोजमाप असेल तर एक-नमुना टी. दोन वेगळे गट असतील तर दोन-नमुना टी, आणि तीच वस्तू दोनदा मोजली असेल तर जोडीची टी. 'हो-नाही'च्या बाबतीत एका गटाला एक-नमुना झेड, दोन गटांना दोन-नमुना झेड, आणि त्याच माणसांना दोनदा विचारलं असेल तर मॅकनेमार. बहुतेक प्रोजेक्ट एवढ्यात बसतात.

शून्य परिकल्पना नेमकी कशी लिहायची? सगळे 'फरक नाही' एवढंच लिहितात.

एक उदाहरण पूर्ण करू. केळीच्या रोपांचा नर्सरीवाला म्हणतो, आमच्या रोपांना २२ किलोची रास (घडाचं सरासरी वजन) पडते. तुम्ही रावेरकडच्या एका बागेत १६ घड काट्यावर टाकले. सरासरी आली २०.८ किलो, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा) २.४.

शून्य परिकल्पना (जो दावा खरा धरून तपासायचा तो): 'या बागेतल्या सगळ्या घडांची खरी सरासरी २२ किलो आहे.' पर्यायी: 'ती २२ किलो नाही.' वाक्य सगळ्या बागेबद्दल आहे, त्या १६ घडांबद्दल नाही. १६ घडांची सरासरी २०.८ आहे हे समोर दिसतंच, त्यावर परिकल्पना कसली मांडायची?

स्टँडर्ड एरर म्हणजे एसडी भागिले नमुना संख्येचं वर्गमूळ: २.४ ÷ ४ = ०.६ किलो. टी = (२०.८ − २२) ÷ ०.६ = −२.०. स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, टेबलातली ओळ यावरून निवडायची) १६ − १ = १५. पाच टक्के पातळीला दोन्ही बाजूंचा टेबलातला आकडा २.१३१. आपला २.० त्याच्या आत राहिला. म्हणजे नर्सरीचा दावा खोडून काढण्याइतका पुरावा या १६ घडांत नाही. ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी त्याचा अंदाज, १९.५ ते २२.१ किलो येतं. २२ जेमतेम आत आहे. अहवालात हे अंतर लिहाच, कारण नुसत्या 'परिकल्पना नाकारता आली नाही' या वाक्यातून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे सगळं घड कसे निवडले त्यावर उभं आहे. पहिल्या कापणीला चांगले भरलेले घड निवडून काढतात. तेच मोजले तर सरासरी फुगणार. बांधालगतच्या ओळीच मोजल्या तरी घोळ. बाग कापायला येण्याआधी ओळ नंबर आणि झाड नंबर चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्या झाडांना सुतळी बांधून ठेवा. या कामाला दुपार जाते, पण त्याशिवाय टी काढण्यात अर्थ नाही.

पण वजन कमी असल्याचाच संशय होता. एका बाजूची टेस्ट लावली तर?

तर टेबलातला आकडा १.७५३ होतो, आपला २.० त्याच्या पलीकडे जातो, आणि निकाल उलटतो. पी-व्हॅल्यू (दावा खरा असता तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०६४ ची ०.०३२ होते. म्हणूनच इथे मोह होतो.

एका बाजूची टेस्ट चालते, पण ती बाजू घड मोजण्याआधी वहीत लिहिलेली हवी. आणि दुसऱ्या बाजूचा निकाल आला असता तर 'त्यात मला रस नाही' असं म्हणायची तयारी हवी. रास २४ किलोची निघाली असती तर तुम्ही ते सांगितलंच असतं ना? मग दोन बाजूंची लावा. आकडे पाहून बाजू निवडणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देणं.

नमुना ३० च्या वर गेला की झेड, खाली असला की टी. बरोबर ना?

पाठ्यपुस्तकांतला हा नियम छापील टेबलांच्या काळातला आहे. खरा फरक असा: संपूर्ण समष्टीची (ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्यांची) एसडी माहीत असेल तर झेड, नमुन्यावरूनच एसडी काढली असेल तर टी. शेतात, वर्गात, बाजारात समष्टीची एसडी कुणालाही माहीत नसते. म्हणून सरासरीसाठी नेहमी टी वापरा, नमुना १२ चा असो की ३०० चा. नमुना वाढला की टी स्वतःच झेडजवळ जाते: स्वाधीनता मात्रा ३० ला २.०४२, ६० ला २.०००, १२० ला १.९८०, आणि झेडचा १.९६०.

टी-टेस्टचा जन्मही धान्याशी जोडलेला आहे. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. बार्लीचे थोडेच नमुने हाती असताना निष्कर्ष कसा काढायचा हा त्याचा रोजचा प्रश्न. १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापला, म्हणून आजही 'स्टुडंट्स टी' म्हणतात. आठ-दहा नमुन्यांवर काम करणाऱ्याने लाजायचं कारण नाही, ही टेस्ट त्यांच्यासाठीच निघाली.

जोडीची टी आणि दोन गटांची टी यांत एवढा काय फरक पडतो? आकडे तर तेच.

आकडे तेच, निकाल जमीन-अस्मानाचा. खेडा खरेदीत मापात पाप असल्याची कुरकुर दर हंगामात ऐकू येते. समजा तुम्ही कापसाची १० गाठोडी घेतली. प्रत्येक गाठोडं आधी तपासणी झालेल्या काट्यावर आणि लगेच खरेदीच्या काट्यावर टाकलं. खरेदीच्या काट्यावर सरासरी ०.६ किलो कमी भरलं. प्रत्येक गाठोड्याचा फरक वेगळा काढला तर त्या फरकांची एसडी ०.५ किलो.

जोडीची टी: स्टँडर्ड एरर ०.५ ÷ √१० = ०.१५८, टी = ३.७९, स्वाधीनता मात्रा ९, टेबल २.२६२. काट्यात फरक आहे, संशयाला फारशी जागा नाही.

आता कुणी हे दोन स्वतंत्र गट समजून टेस्ट लावली. गाठोडी लहान-मोठी असतात, वजनांची एसडी ६ किलो धरा. स्टँडर्ड एरर होतो २.६८ किलो आणि टी फक्त ०.२२. काटा निर्दोष सुटला! गाठोड्या-गाठोड्यांतला फरक इतका मोठा, की काट्याचा अर्धा किलो त्यात बुडून गेला. जोडी लावल्याने तो गोंधळ वजाबाकीतच निघून जातो.

उलटी चूकही होते. दोन वेगळ्या गावांतल्या वीस-वीस शेतकऱ्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून पहिल्याची पहिल्याशी जोडी लावतात. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? नसेल तर ती जोडी नाही.

दोन गटांची एसडी वेगळी आहे. आधी एफ-टेस्ट करू का?

नको. सरळ वेल्चची टी लावा. जुनी पद्धत दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा धरते, वेल्चने १९४७ मध्ये ती अट काढून टाकली. विखुरलेपणा सारखा असला तरी तिच्यात फारसं नुकसान नाही, वेगळा असला तर फायदा आहे. आधी एफ-टेस्ट, तिच्यावरून पुढची टेस्ट, ही दोन पायऱ्यांची कसरत अजून काही परीक्षांत विचारतात. तिथे गुणांसाठी करा. कामात नको.

उदाहरण: ठिबकवरच्या १२ शेतांत कपाशीचं उत्पन्न एकरी सरासरी ८.५ क्विंटल, एसडी १.२. पाटपाण्याच्या २० शेतांत ७.६, एसडी २.०. स्टँडर्ड एरर = √(१.४४ ÷ १२ + ४ ÷ २०) = √०.३२ = ०.५६६. टी = ०.९ ÷ ०.५६६ = १.५९. वेल्चच्या सूत्राने स्वाधीनता मात्रा जवळपास ३०, टेबल २.०४२. पी-व्हॅल्यू ०.१२ च्या आसपास.

म्हणजे ठिबकने फरक पडत नाही, असंच ना?

नाही! फरकाचं ९५ टक्के विश्वासांतर काढा: ०.९ ± १.१६, म्हणजे उणे पाव क्विंटलपासून अधिक दोन क्विंटलपर्यंत. एकरी दोन क्विंटल ही काही किरकोळ बाब नाही. या नमुन्यात ती शक्यता उघडी आहे आणि शून्याचीही. 'फरक नाही हे सिद्ध झालं' असं लिहायचं नाही. 'एवढ्या नमुन्यावरून ठरवता येत नाही' असं लिहा.

ठिबक बसवणारा शेतकरी कोण असतो हेही बघा. त्याच्याकडे पाणी आणि भांडवल असतं, बहुधा काळी कसदार जमीनही. फरक सार्थ (सिग्निफिकंट, नुसत्या योगायोगाने येणं अवघड असा) निघाला असता तरी तो ठिबकमुळेच, असं टेस्ट सांगत नाही. केळीत मृगबाग आणि कांदेबाग या दोन वेगळ्या हंगामांतल्या लागवडींची थेट तुलना करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लागवडीचा हंगाम बदलला की हवामान, रोग, भाव सगळंच बदलतं.

बियाण्याच्या पिशवीवर ७५ टक्के उगवण लिहिली होती, घरी कमी आली. तक्रार करण्याआधी टेस्ट कशी करू?

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत बिया मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ही पद्धत घरोघर माहीत आहे. फक्त बिया निवडून घेऊ नका, आणि शंभराऐवजी दोनशे घ्या. समजा २०० पैकी १३६ उगवल्या, म्हणजे ६८ टक्के.

शून्य परिकल्पना: पिशवीतली खरी उगवण ७५ टक्के. इथे एका बाजूची टेस्ट योग्य आहे, कारण लेबलवरचा दावा 'किमान' असा असतो. ९० टक्के उगवल्या तर तक्रार कोण करणार? स्टँडर्ड एरर काढताना दाव्यातले ७५ टक्केच घ्यायचे, कारण हिशेब 'दावा खरा असता तर' असा चालू आहे: √(०.७५ × ०.२५ ÷ २००) = ०.०३०६. झेड = (०.६८ − ०.७५) ÷ ०.०३०६ = −२.२९, एका बाजूची पी-व्हॅल्यू ०.०११. दाव्यावर शंका घ्यायला आधार आहे.

विश्वासांतराला मात्र स्वतःचे ६८ टक्के घ्यायचे: ६१.५ ते ७४.५ टक्के. चाचणीत दाव्याची टक्केवारी, अंतरात नमुन्याची. परीक्षेत हमखास इथे गुण जातात.

हे उत्तर त्या एका पिशवीबद्दल आहे. कंपनीच्या सगळ्या लॉटबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या दुकानांतल्या, वेगवेगळ्या पिशव्या लागतील.

दोन कॉलेजांतली टक्केवारी ताडून बघायची आहे.

'घरी अहिराणी बोलता का?' असं दोन कॉलेजांत १५०-१५० विद्यार्थ्यांना विचारलं. गावाकडच्या कॉलेजात ९० जण 'हो' म्हणाले (६० टक्के), शहरातल्या कॉलेजात ६६ (४४ टक्के). शून्य परिकल्पनेनुसार दोघांची टक्केवारी एकच, म्हणून एकत्र काढा: १५६ ÷ ३०० = ०.५२. स्टँडर्ड एरर √(०.५२ × ०.४८ × (१/१५० + १/१५०)) = ०.०५७७. झेड = ०.१६ ÷ ०.०५७७ = २.७७, पी-व्हॅल्यू ०.००६. विश्वासांतर सुमारे ५ ते २७ टक्क्यांचा फरक. काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी केलीत तर ७.६९ येईल. तो झेडचाच वर्ग आहे, वेगळा पुरावा नाही, तेव्हा दोन्ही लिहून पानं वाढवू नका.

प्रश्न कुणी आणि कोणत्या भाषेत विचारला, यानेही हा आकडा हलू शकतो. सरांनी वर्गात प्रमाण मराठीत विचारलं तर 'हो' म्हणायला पोरं बिचकतील. आणि यावलकडच्या, घरी लेवा बोली बोलणाऱ्या मुलीने कुठे खूण करायची? हे कुठल्याही झेडला दिसत नाही.

झाडं थोडीच आहेत. १५ पैकी १ आणि १५ पैकी ५ दगावली. झेड चालेल?

दोन्ही गट मिळून ६ दगावली, म्हणजे प्रत्येक गटात अपेक्षित ३. अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असली की झेडवर भरवसा नको, फिशरची अचूक चाचणी लावा. इथे झेडची पी-व्हॅल्यू ०.०७ येते, फिशरची ०.१७.

माझ्याकडे ४०० झाडांचा डेटा आहे, तरी सर म्हणतात नमुना लहान आहे. का?

सर बहुधा बरोबर आहेत. झाडं किती यापेक्षा शेतं किती ते सांगा.

समजा केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग बघायचा आहे. एका नर्सरीची रोपं असलेल्या १० बागा, दुसरीच्या १०, प्रत्येक बागेत २० झाडं. प्रत्येक गटात २०० झाडं झाली. पण हा विषाणू माव्यातून या झाडावरून त्या झाडावर जातो. शिवाय एका बागेतल्या झाडांना पाणी एक, खत एक, फवारणी एक. एका झाडाला रोग असेल तर शेजारच्यालाही असण्याची शक्यता जास्त. म्हणजे विसावं झाड पहिल्या एकोणिसांपेक्षा फारसं नवं काही सांगत नाही. आणि झेड-टेस्ट तर प्रत्येक नोंद स्वतंत्र धरून चालते.

नुकसान किती, याचा हिशेब आहे: १ + (बागेतली झाडं − १) × बागेअंतर्गत साम्य. हे साम्य ०.१ इतकंच धरलं तरी १ + १९ × ०.१ = २.९. गटातली २०० झाडं प्रत्यक्षात ६९ झाडांएवढीच माहिती देतात. रोगात साम्य याहून जास्तही असू शकतं. ते विसरून टेस्ट लावली की स्टँडर्ड एरर खोटा लहान होतो आणि नसलेला फरक 'अत्यंत सार्थ' निघतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक बागेची रोगट झाडांची टक्केवारी काढा. आता तुमच्याकडे १० विरुद्ध १० आकडे आहेत, आणि त्यांना वेल्चची टी लावता येते. हो, टक्केवारीला टी, कारण आता प्रत्येक बागेसमोर एक मोजमाप आहे. आणि पुढच्या वेळी एका बागेत वीसऐवजी आठच झाडं बघा, वाचलेल्या वेळात आणखी पाच बागा फिरा. पेट्रोल जळेल, पण प्रोजेक्टला वजन येईल.

शाळांचंही असंच. दोन शाळांतली साठ-साठ मुलं म्हणजे पद्धतीच्या तुलनेला दोनच शाळा.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच शेतकऱ्यांना 'हो-नाही' विचारलं. दोन टक्केवारींची झेड?

नाही, माणसं तीच आहेत. मॅकनेमार. ज्यांचं उत्तर बदललं तेवढेच मोजा. ८० पैकी १८ जण 'नाही'वरून 'हो'वर आले, ६ जण उलटे गेले. (१८ − ६)² ÷ (१८ + ६) = ६.०, टेबल ३.८४. बदल सार्थ आहे. बाकीचे ५६ या हिशेबात येत नाहीत.

नमुना किती घेऊ?

आधी ठरवा, किती फरक तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दोन सरासरींसाठी प्रत्येक गटात अंदाजे १६ × (एसडी ÷ फरक)². एसडी २ क्विंटल आणि एक क्विंटलचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येकी ६४ शेतं. दोन टक्केवारींसाठी १६ × प्र × (१ − प्र) ÷ फरक², इथे 'प्र' म्हणजे टक्केवारी दशांशात. ५० टक्क्यांच्या आसपास १० टक्क्यांचा फरक पकडायला प्रत्येकी ४००. यात पाच टक्के पातळी आहे, आणि तेवढा फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के. 'हो-नाही'ला नमुना जास्त लागतो, म्हणून जिथे वजन करता येतं तिथे 'चांगलं-वाईट' लिहून माहिती वाया घालवू नका.

डेटा प्रसामान्य (नॉर्मल) वितरणात नाही. टी सोडून देऊ?

थोडा तिरका असेल आणि नमुना तीस-चाळीसचा असेल तर टी निभावते. जमीनधारणा किंवा उत्पन्न असं असेल, जिथे एक बडा बागायतदार अख्खी सरासरी ओढून नेतो, तिथे आधी आलेख काढा. मॅन-व्हिटनी ही आकड्यांच्या क्रमावर चालणारी चाचणी लावता येते, पण ती सरासरीची चाचणी नाही, निष्कर्षात 'सरासरी' लिहू नका.

जळगाव, धुळे, नंदुरबार: तीन टी-टेस्ट केल्या तर?

प्रत्येकीत पाच टक्के चुकीची मुभा, तिन्ही मिळून ती चौदा टक्क्यांपर्यंत जाते. आधी अनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासरींची एकत्र चाचणी), मग जोड्या. टक्केवारी असेल तर तीन गटांचा काय-वर्ग.

तिन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या २५ तालुक्यांचा पाऊस आहे. कोणती टेस्ट?

यंदाचा पाऊसच सांगायचा असेल तर कुठलीच नाही. समष्टीच हातात आहे. सरासरी काढा, सांगा, मोकळे व्हा.

पी-व्हॅल्यू ०.०६४ म्हणजे नर्सरी खरी असण्याची शक्यता ६.४ टक्के?

नाही. अर्थ असा: नर्सरीचा दावा खरा धरला, तर १६ घडांच्या नमुन्यात २२ पासून १.२ किलो किंवा त्याहून जास्त, कुठल्याही बाजूला, फरक येण्याची शक्यता ६.४ टक्के. आधी दावा खरा धरलाय, मग त्याच हिशेबातून तो खरा असण्याची शक्यता कशी निघेल?

आणि ०.०५ ही काही लक्ष्मणरेषा नाही. रोनाल्ड फिशरने १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून वापरली आणि ती रूढ झाली. ०.०४८ ला पेढे आणि ०.०५२ ला सुतक, असं करू नका. पी-व्हॅल्यू पूर्ण लिहा.

हे सगळं एक्सेलमध्ये होतं का?

सरासरीचं होतं. टी-टेस्टच्या फंक्शनमध्ये शेवटचा आकडा प्रकार सांगतो: १ म्हणजे जोडीची, २ म्हणजे समान विखुरलेपणाची, ३ म्हणजे वेल्च. त्याच्या आधीचा आकडा एक बाजू की दोन. हे फंक्शन फक्त पी-व्हॅल्यू देतं, टी देत नाही, म्हणून सरासरी, एसडी आणि संख्या वेगळ्या काढून ठेवा.

टक्केवारीसाठी तयार बटण नाही. डेटा ॲनालिसिसमध्ये 'झेड-टेस्ट' दिसते, पण ती दोन सरासरींची आहे आणि समष्टीची प्रचरणं (एसडीचे वर्ग) मागते. पुष्कळ जण तिथेच टक्केवारी भरतात. त्यापेक्षा वरचं सूत्र चार सेलमध्ये टाका. 'आर' वापरत असाल तर तिथली टी-टेस्ट न सांगताच वेल्चची असते. टक्केवारीच्या चाचणीत मात्र ते आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं, म्हणून अहिराणीच्या उदाहरणात ७.६९ ऐवजी थोडा कमी आकडा दिसेल. हाताने केलेल्याशी जुळवायचं असेल तर ती दुरुस्ती बंद करा.